उभ्या उभ्या ओळखणारे आतोबा

माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, कुठलंही झाड ओळखतात. चुकीचं ओळखतात, हा भाग वेगळा.

पाइपांच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. नट असो, बोल्ट असो, वॉशर असो, प्रत्येक वस्तूच्या खोक्याला पत्र्याची चकती अडकवायची आणि तिच्यावर नाव रंगवायचं, यात त्यांची हयात गेली. चकती नाही ती वस्तू त्यांच्या लेखी नाहीच. निवृत्त झाल्यावर चकती अडकवायला घरात आत्याशिवाय काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी वसाहतीतल्या झाडांकडे मोर्चा वळवला. रंगीत चित्रांचं जाडजूड पुस्तक आणलं. एक भिंगही आणलं, पण ते खिशातून बाहेर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भिंगातून बघायचं तर वाकावं लागतं आणि आतोबा वाकत नसत. पँटची इस्त्री मोडते.

उंच झाडांच्या बाबतीत निदान डोळ्यांसमोर काहीतरी असायचं. जमिनीलगतच्या रोपांचा निकाल मात्र ते उभ्या उभ्या, छत्रीच्या टोकानं ढोसून लावत. सदाफुलीला त्यांनी जास्वंद ठरवलं आणि कुणी हसलंसुद्धा नाही. लोकांना काय, फुकटात तज्ज्ञ मिळाला होता.

आत्याचा वाफा जिन्याखालच्या कोपऱ्यात होता, दोन पाटांएवढा. त्यात तिनं ऑफिस टाइम लावलं होतं. काही लोक त्याला चिनी गुलाब म्हणतात. ओळखायला याच्याइतकं सोपं रोप नसेल. वीतभरही उंच होत नाही, आडवं पसरतं. दांडा लालसर. पानं चपटी नसतात, तर गोलसर, बारीक, टोकदार असतात आणि दाबली की पाणी सुटतं. पान दांड्याला जिथं चिकटतं तिथं पांढऱ्या केसांचा झुबका असतो. फूल छोट्या गुलाबासारखं, पण ऊन असेल तरच उघडणार. दहाच्या सुमाराला उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. म्हणजे हे सगळं दिसायला एकतर वाकायला हवं, नाहीतर सकाळी घराबाहेर पडायला हवं. आतोबा सकाळी वर्तमानपत्रातल्या चुका काढत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाहणीला निघत.

आत्या मात्र दहाला हातातलं काम टाकून, स्टूल घेऊन वाफ्यापाशी बसायची. करायची काही नाही, नुसती बसायची. पडदे कुठल्या रंगाचे, चहात साखर किती, खिडकी किती उघडायची, घरातल्या प्रत्येक गोष्टीवर आतोबांचं मत असे आणि तेच चाले. वाफ्यावर त्यांचं मत नव्हतं, कारण तो त्यांना कधी दिसलाच नव्हता. त्या घरात आत्याचं असं तेवढंच होतं.

मग वसाहतीनं वाटेवर फरशा बसवायचं काढलं. फुलझाडं ठेवायची, तण उपटायचं. तण कुठलं ते दाखवायला अर्थातच आतोबा! ते चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन फिरले आणि नको त्या जागांवर पांढऱ्या फुल्या मारत सुटले. संध्याकाळी जिन्याखाली पोचले. छत्री ढोसली, "तण" म्हणाले आणि फुली मारली.

मी तिथंच होते. आत्या आतून धावत आली.

"अहो, फुलझाड आहे ते!"

"फूल कुठाय?"

"आत्ता मिटलंय. सकाळी येऊन बघा ना."

"फुलं मिटत नसतात, गळतात," आतोबा म्हणाले. कमळाचं पान त्यांच्या पुस्तकातून फाटलेलं असावं. "आणि घरच्यांना सवलत दिली, तर लोक काय म्हणतील मला?"

बायकोच्या वाफ्यावर फुली मारल्याचा त्यांना केवढा अभिमान! जेवताना तेच पुराण चाललं होतं. आत्यानं ताटाला हात लावला नाही, हे काही त्यांच्या नजरेला पडलं नाही. मला त्यांची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी फरशीवाले उगवले ते ऊन चढल्यावर. समितीचे अध्यक्ष आले, चार बघे जमले, आतोबाही वर्तमानपत्र काखोटीला मारून आले. जिन्याखाली गुलाबी, पिवळी, केशरी फुलं अशी भरगच्च उमलली होती की फक्की शोधावी लागत होती.

"काका," अध्यक्षांनी विचारलं, "हे तण?"

आतोबांचं तोंड एवढंसं झालं. आत्या पायरीवर उभी होती.

"एकदा वाकून तर बघा," ती म्हणाली.

आणि आतोबा वाकले! गुडघे वाजले, इस्त्री मोडली, भिंग खिशातून निघालं. आता हा माणूस चूक कबूल करणार, असं मला वाटलं. मी तरी काय भाबडी!

"पान गोलसर, टोकदार, रसदार," ते मोठ्यांदा सांगू लागले. "सांध्यात पांढरे केस. बरोब्बर! चिनी गुलाब." मग उठून त्यांनी पँट झटकली. "फुली मी मुद्दाम मारली होती. म्हटलं, बघू कुणाच्या लक्षात येतंय का."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! अध्यक्षांनी त्यांचा हात हातात घेतला. फरशा वाफ्याला वळसा घालून बसल्या आणि आत्यानं डोळ्यांना पदर लावला. झालं ते झालं, वाफा तर वाचला, म्हणून मीही गप्प बसले.

त्यानंतर एकदा सकाळी गेले, तर वाफ्यापाशी आतोबा खुर्ची टाकून बसलेले. येणाऱ्याजाणाऱ्याला वाकायला लावून केस दाखवत होते. पाणी जास्त होतंय, पिवळी फुलं काढून टाकायला हवीत, सगळा वाफा एकाच रंगाचा पाहिजे, असं त्यांचं चाललं होतं. आत्या आत ओट्यापाशी उभी राहून भाजी निवडत होती. घड्याळात दहा वाजून गेले होते.

माझं डोकं फिरलं. "आत्या, मी तुला एक कुंडी आणून देते," मी म्हटलं. "मागच्या खिडकीत ठेव. तुझी एकटीची."

"नको गं," आत्या म्हणाली. "तीही ओळखतील."