शिवकन्याची प्रश्नपत्रिका

लातूरच्या एका क्लासमध्ये मी दहावीला विज्ञान शिकवत होतो, तेव्हा आमच्या प्रश्नपत्रिका शिवकन्या टाइप करायची. मूळची औसा तालुक्यातली. १९९३च्या भूकंपात, अकराव्या वर्षी, घराखाली सापडली. वडील गेले आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मुलाखतीला क्लासचे संचालक राघवेंद्र सर त्या हाताकडेच बघत राहिले, तेव्हा ती म्हणाली, "सर, हाताकडं नका बघू. कागदाकडं बघा." दहा मिनिटांत तिनं बिनचूक पान काढून दिलं.

२००४ साली सराव परीक्षेचे पेपर पहिल्यांदाच नांदेडच्या छापखान्यातून छापून आले. गठ्ठा सोडला, तर मराठीच्या जागी नुसते चौकोन आणि वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं. परीक्षा चार दिवसांवर आलेली. सर सगळ्या शिक्षकांसमोर तिच्यावर ओरडले, "आठ बोटांनी तुला हे जमणारच नव्हतं!"

आम्ही सगळे गप्प. ती मात्र जागची हलली नाही.

"माझ्या बोटांवर जाऊ नका, सर. माझ्या कंप्युटरवर फाईल उघडून बघा. एक काना चुकला असंल तर नोकरी सोडून आत्ता निघते. छापखान्यात आपला फाँट न्हाई, म्हणून अक्षरं फुटली."

फाईल उघडली. एकही चूक नव्हती. तरी सर म्हणाले, "मला कारणं नकोत. पेपर वेळेत पाहिजेत."

पीडीएफ केली की फाँट फाईलच्या आतच राहतो, हे तिनं एका संगणक मासिकात वाचलं होतं. त्या अंकासोबत ओपनऑफिसची सीडी आली होती. फुकट सॉफ्टवेअर, पीडीएफ करणारं. ती सीडी तिनं दुसऱ्या दिवशी आणली.

"फुकटचं काही माझ्या मशीनवर टाकायचं नाही," सर म्हणाले.

"तुमच्या मशीनवर आत्ता जे हाय, ते तरी कुठं विकत आणलंय?"

सर लालबुंद झाले आणि काही न बोलता केबिनमध्ये गेले. "आता परत न्हाई म्हणले न्हाईत," असं मला सांगून शिवकन्यानं सीडी आत सरकवली.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ते सरकले, अपूर्णांक खाली घसरले. पानापानावर बसून तिनं ते सरळ केले आणि मग पीडीएफचं बटण दाबलं. फ्लॉपी घेऊन समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. त्याच्या कंप्युटरवर आमचा फाँट नव्हता, तरी तिथं मराठी जशीच्या तशी उमटली.

सकाळच्या गाडीनं ती स्वतः नांदेडला गेली. छापखान्याचे पंचाक्षरी म्हणाले, "बाई, परत तेच होणार बघा."

"आधी उघडा तर."

त्यांनी उघडली आणि खुर्ची पुढं ओढून बघत बसले. पहिला छापील कागद हातात येईपर्यंत शिवकन्या यंत्रापाशी उभी होती. शब्द न् शब्द वाचला, मगच गठ्ठे बांधू दिले.

परीक्षा नीट पार पडली. नंतरच्या बैठकीत सर म्हणाले, "ही युक्ती क्लासबाहेर जाता कामा नये."

"मला फुकट मिळालंय, मी लपवून कशाला ठेवू? आणि सर, माझ्या बोटांबद्दल बोललात, ते सगळ्यांसमोर मागं घ्या."

सरांनी विषय बदलला. तिनं प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेली. मी तेव्हाही काही बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते.

महिन्याभरात औशाच्या बस स्टँडजवळ तिचं टायपिंगचं दुकान सुरू झालं. येईल त्याला ती सीडीची प्रत द्यायची आणि पीडीएफ कशी करायची ते शेजारी बसवून दाखवायची. पंचाक्षरींनी तर छापखान्यातल्या लोकांना शिकवायला तिला मुद्दाम बोलावून घेतलं. आम्ही शिक्षकही आमच्या नोट्स घेऊन तिच्याकडे जाऊ लागलो.

पुढच्या परीक्षेआधी राघवेंद्र सरांनी तिला आणायला गाडी पाठवली. ती ड्रायव्हरला म्हणाली, "सरांना इकडंच यायला सांगा. आन् म्हणावं, लाइन लई हाय."

सर आले नाहीत. त्यांची नवी टायपिस्ट देविका मात्र शिकायला यायची. शिवकन्यानं तिलाही शिकवलं.