झुल्याची घंटा

त्याला सगळे काडी म्हणत. लग्नात तो खरोखरच काडीसारखा होता, म्हणून मेहुण्याने ठेवलेलं हे नाव. पुढे काडीचा ओंडका झाला, पण नाव काही सुटलं नाही.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणं हे त्याचं काम. गच्चीवरून तारांना टांगलेला लोखंडी झुला, त्यात दोन माणसं, पाण्याची बादली आणि साबण. झुल्यातला जोडीदार म्हणजे हाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो बारीक आणि बडबड्या होता, आणि उंचावर गेला की बेसूर गाणी म्हणायचा.

झुल्याला घंटा होती. ठरलेल्यापेक्षा जास्त भार झाला की ती कर्कश वाजे आणि मोटर जागच्या जागी बंद पडे. मुकादमाचा नियम साधा होता: ज्याच्यामुळे घंटा तीनदा वाजली, तो झुल्यातून कायमचा खाली. झुल्यातल्या माणसाला उंचीचा भत्ता मिळे, खाली दोर धरणाऱ्याला नुसती मजुरी. त्या भत्त्यावर काडीच्या घरात भाजी आणि पोरांचं दूध येत होतं. आणि त्याच्या नावावर घंटा दोनदा वाजून झाली होती. हल्ली ती झुल्यात वाजायच्या आधी त्याच्या छातीत वाजायची.

वजन वाढलं कसं, असं विचारणाऱ्याच्या थोबाडीत द्यावी असं त्याला वाटे. जाड माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी, असा लोकांचा गोड गैरसमज. अहो, घरात पाच तोंडं! खिसा रिकामा असला की माणूस चवीचं नाही, पोट भरेल ते बघतो. पाव, बटाटे, काहीतरी तळलेलं, साखर लोटून केलेला चहा. त्यात कंत्राटदार कामावर दोन वेळा चहा आणि बिस्किटांचा पुडा फुकट द्यायचा. फुकटचं सोडेल तो मजूर कसला? मेहुणा तर गेले काही दिवस स्वतःचा पुडाही त्याच्याकडे सरकवायचा. "मला गोड नको वाटतं दाजी, तुम्ही घ्या." काडी घ्यायचा. अन्न टाकायचं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक.

तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "पाव-बिस्किटं बंद करा. फळं खा, पालेभाज्या खा." त्याच संध्याकाळी तो बाजारात गेला. चार सफरचंदांच्या पैशांत घराला दोन दिवस पाव पुरले असते. त्याने एक सफरचंद उचललं, वास घेतला आणि ठेवून दिलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मग बायको भत्त्यातून त्याच्यापुरती पालेभाजी करू लागली. ती ताटात पडली की धाकटी लेक त्या भाजीकडे टक लावून बघायची. बापाच्या घशाखाली घास उतरेल कसा? भाजी पोरीच्या ताटात जायची आणि हा पावावर पोट भरायचा.

घंटेवर तोड मेहुण्यानेच काढली होती. अर्धीच बादली न्यायची. "पाण्याला कोण मोजतंय दाजी? माणसं बसली म्हणजे झालं!" पण पाणी मध्येच संपायचं, कोरड्या काचेवर पुसायची रबरी पट्टी कुरकुरायची, खालच्या मजल्यांवर रेघा राहायच्या. त्या रेघा मुकादमाला दिसल्या. एका सकाळी तो स्वतः गच्चीवर येऊन उभा राहिला. "आज माझ्यासमोर बादली काठोकाठ भरा."

आधी बादली गेली, मग मेहुणा. काडीने श्वास रोखून, अंग चोरून आत पाय टाकला, जसं काही श्वास रोखल्याने वजन घटणार होतं. दुसरा पाय टाकला. डोळे मिटले.

घंटा वाजली नाही.

झुला मुकाट खाली सरकू लागला. मुकादमाचं डोकं कठड्याआड गेल्यावर काडी फिसकन हसला. "अरे, वाजली नाही! भरल्या बादलीला वाजली नाही!" मेहुणा कसनुसं हसला. आज तो गात नव्हता. वारा होता, झुला हलत होता, म्हणून असेल, असं काडीला वाटलं.

निम्मी इमारत धुऊन झाली तेव्हा मेहुण्याच्या हातातली पट्टी सुटली. त्याचे गुडघे वाकले आणि तो झुल्याच्या कठड्यावरून बाहेर झुकला. काडीने झेप घेऊन त्याचा कमरेचा पट्टा पकडला आणि हिसका देऊन आत ओढलं. जोर लावायला गेला तर तशी गरजच नव्हती. रिकामं पोतं उचलावं तसा मेहुणा हातात आला. सदऱ्याखाली बरगड्या हाताला लागत होत्या.

"काय खाल्लंस सकाळी?"

"चहा घेतला ना."

"आणि काल?"

मेहुण्याने कठडा धरून ठेवला. ओठ पांढरेफटक पडले होते. मग हळूच म्हणाला, "तुमचं काही कमी होईना दाजी. म्हटलं, माझंच करू. घंटेला काय, दोघांचं मिळून भागलं म्हणजे झालं. ताईला सांगू नका."

काडीला ते सगळे पुडे आठवले. एकेक बिस्किट चहात बुडवून त्याने चवीने खाल्लं होतं. त्याला स्वतःची किळस आली.

झुला खाली टेकताच तो मुकादमाकडे गेला. "साहेब, मला खाली घ्या. वर दुसरा कोणीतरी द्या, बारीकसा."

"आज तर वाजली नाही. तुझ्या नावावर दोनच आहेत."

"तिसरीही वाजली," काडी म्हणाला. "तुम्हाला ऐकू आली नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो खाली दोर धरू लागला. संध्याकाळी मेहुण्याला त्याने बखोटीला धरून घरी आणलं. "आजपासून रोज इथेच जेवायचं. माझ्या डोळ्यांसमोर."

भत्ता गेल्याचं ऐकून बायको पिशवी उचलून बाहेर पडली होती. बाजारातून आली तेव्हा पिशवीत पालेभाजीची एकच जुडी होती, आणि पाव नेहमीपेक्षा जास्त. "आता यातच भागवायचं," ती म्हणाली. "पोटं तर भरायलाच हवीत." शिजून ती जुडी वाटीभर झाली. सवयीने तिने वाटी नवऱ्यासमोर ठेवली.

काडीने ती उचलून मेहुण्याच्या ताटाशी ठेवली. मेहुणा नको नको म्हणू लागला.

"मुकाट्याने खा. तुला वर जायचंय," काडी म्हणाला, आणि पावाची चळत स्वतःकडे ओढली.