बडग्याच्या अंगावरचा कोट

सांगलीहून नागपूरला निघालो तेव्हा माझ्याजवळ एक शबनम पिशवी, दोन सदरे आणि बाबांचा काळा कोट एवढंच सामान होतं. श्रावणात कोट कशाला, असं शेजाऱ्यांनी विचारलंच. मी सांगितलं, गाडीत उशाला होतो, पाऊस आला तर डोक्यावर घेता येतो आणि कुठे मुक्काम पडला तर पांघरुणाचं भाडं वाचतं. मी चिक्कू आहे हे आमच्या गल्लीत जगजाहीर असल्याने कोणी खोलात शिरलं नाही. खरं कारण वेगळं होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्याआधी दीड वर्ष ते खोकत अंथरुणावर पडून होते आणि मी त्यांच्या उशाशी. तो कोट घरी टाकून जायला माझं मन धजेना, आणि कोणाला देऊन टाकावा तर आईला वाईट वाटलं असतं.

कचेरीतली रजा शिल्लक असली की मी कुठल्यातरी परक्या गावचा सण बघायला जातो. देवस्थानं बघण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. करमणूक फुकट आणि सणाच्या दिवशी उपाशी कोणी ठेवत नाही. या वेळी नागपूरची मारबत बघायची होती. तिच्याबद्दल एवढंच ऐकलं होतं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कागदाची भलीमोठी बाई मिरवतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात.

पुलगावला गाडीत श्रावणजी चढले. जुन्या नागपुरातले विणकर, बोलायला मोकळे. मी स्वस्त लॉज विचारताच ते चक्क रागावले.

"लॉजमंदी काहून पैसे घालता जी? सनाचा दिवस, घरी चला. वरन-भात त हायेच."

मी नको नको म्हटलं, पण फार जोर लावून नाही.

श्रावणजींचं घर म्हणजे पुढे माग, मागे चूल आणि मधे माणसं. आजूबाजूच्या घरांतूनही मागांची खटखट ऐकू येत होती. त्यांच्या बायको कौसल्याबाई दारातच पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यावर पाच वर्षांची लेक छबी मान टाकून निजली होती. महिनाभर तिचा ताप हटत नव्हता. धंतोलीतल्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, त्याची लाल बाटली देवाच्या फळीवर गणपतीशेजारी ठेवलेली दिसली. आमच्याकडे बाबांच्या अशा बाटल्यांनी अख्खं फडताळ अजून भरलेलं होतं.

तो पोळ्याचाच दिवस. दुपारी पुरणपोळी इतकी खाल्ली की पुढच्या दोन दिवसांचा खर्च वाचला. संध्याकाळी मैदानात बैल बघून आलो. दारोदार पळसाच्या फांद्या उभ्या केल्या होत्या. त्यांना इथे मेंढे (पोळ्याला दाराशी ठेवायच्या डहाळ्या) म्हणतात. अंगणात गल्लीतली माणसं बडग्या (बांबू आणि चिंध्यांचा पुरुषी पुतळा, मारबतीबरोबर मिरवून जाळतात) बांधत बसली होती आणि बायका घराघरातून फाटके कपडे आणून देत होत्या.

"तुमचेबी काही जुने कपडे असतीन त देजा भाऊजी," कौसल्याबाई मला म्हणाल्या. "आमच्या बडग्याच्या अंगात घालाले."

"बाई, माझं सगळंच जुनं आहे," मी म्हटलं. "हवं ते घ्या."

सगळे हसले. त्याही हसल्या. विनोद झाला आणि संपला, असं मी समजलो.

सकाळी आंघोळ करून आलो तर खुंटीवर कोट नव्हता. श्रावणजी म्हणाले, "बाईनं झटकून ठेवला असन. चला लवकर, गर्दी होऊन राहिली." मी निघालो.

एवढी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. लोक गच्च्यांवर, दुकानांच्या फळ्यांवर, खांबांना लोंबकळत. आणि मग पिवळी मारबत आली. दुमजली घराएवढी उंच, डोळे वटारलेली बाई. बायका लेकरांना डोक्यावर उचलून तिच्या पायांशी नेत होत्या आणि हजारो गळ्यांतून एकच ओरड उठत होती: "रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" आमच्याकडे देवीपुढे आवाज खाली आणून मागतात. इथे तिच्यावर ओरडत होते, वर तिला जाळायला नेत होते आणि तिच्याचपुढे हातही जोडत होते. हे भक्तीत बसवायचं की भांडणात, मला कळेना.

मागून बडगे आले. एक रॉकेलच्या टंचाईचा, गळ्यात रिकामे डबे. एक साठेबाज व्यापाऱ्याचा, पोट मडक्याचं. लोक त्यांना मनसोक्त शिव्या घालत होते आणि मीही हसत होतो. त्यांच्यामागून एक ठेला पुढे सरकला. त्यावर कोणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं.

ते बाबा होते.

क्षणभर मला खरोखरच तसं वाटलं, यात काही अतिशयोक्ती नाही. तोच काळा कोट, तोच डावीकडे उतरलेला खांदा. तीस वर्षं एकाच खांद्यावर दप्तर अडकवून कोर्टात गेलेल्या माणसाचा. ठेला वळला. मडक्याचं तोंड, चुन्याच्या मिशा, हातात केरसुणी आणि गळ्यात फाटक्या चपलांची माळ. भोवतालची माणसं ओरडत होती, "घेऊन जा! घेऊन जा!"

मी कोणाला ढकललं, कोणाच्या पायावर पाय दिला, काही आठवत नाही. ठेल्याचा दांडा धरून मी ओरडलो, "थांबवा! तो माझ्या वडिलांचा कोट आहे!"

ठेल्यामागे कौसल्याबाईच चालत होत्या, छबीला खांद्यावर घेऊन. मला बघून आधी त्यांचा चेहरा खुलला. "तुमच्यासाठीच देल्ला भाऊजी. कोटाले हात लावून बसून राहता, राती झोपले नाही धड. म्हटलं, तुमचीबी पिडा जाईन. तुमीच त म्हनलं, हवं ते घ्या…" मग माझं बोलणं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "वडलाचा? ते आता…?"

"गेले," मी म्हटलं.

त्यांनी ठेला ढकलणाऱ्या माणसाची बाही ओढली. "महादेवजी, कोट उतरवा. पाहुन्याचा हाय. चुकी माझी झाली."

महादेवजींनीच तो बडग्या बांधला होता. ते माझ्याकडे वळले. "उतरवतो जी. पन अर्ध्या वाटेतून बडग्याले कोनी उघडं करत नाही. गल्लीतल्या समद्या बायांनी लेकरायची पिडा उतरवून टाकली ह्याच्यावर. कौसल्याबाई, तुमच्या पोरीचं झबलं कोटाच्या खिशातच हाये ना वं?"

"हाय."

"मंग ते वापसच येते घरी. तापासंग."

"येऊ द्या," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांचा हात छबीच्या पाठीवरून फिरत होता. "दुसऱ्याच्या बापाचं ओढून नेऊन माह्या पोरीले बरं कराचं नाही मले."

ताप झबल्यातून जात नाही आणि झबल्यातून परतही येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. कौसल्याबाईंना तसं वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी त्या या क्षणी छबीचं दुखणं परत अंगावर घेत होत्या. कालपासून ओळख असलेल्या, फुकट जेवलेल्या एका माणसाच्या जुन्या कोटासाठी! बाबांना चपलांच्या माळेत बघून बसलेला धक्का यापुढे काहीच नव्हता. मला माझी भयंकर लाज वाटली.

"राहू द्या," मी म्हटलं. "जाऊ द्या त्याला."

"असं तोंडातल्या तोंडात नाही चालत जी," महादेवजी म्हणाले. "मनापासून देत असान त मोठ्यानं म्हना."

मग बाबांची ती शेवटची थंडी आठवली, ती उबळ, पाठ चोळताना हाताला लागणारी हाडं. आणि मी ओरडलो, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" पुन्हा ओरडलो. घसा बसेपर्यंत ओरडत आणि रडत राहिलो. त्या गर्दीत त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

दुपारी तलावाकाठी सगळं जाळलं. कोट ओलसर होता, सावकाश पेटला. तो जळताना मला वाईट वाटायला हवं होतं, पण हलकं वाटत होतं आणि हे असं कसं, म्हणून मी हादरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी छबीच्या अंगात ताप होताच. श्रावणजी तिला घेऊन पुन्हा धंतोलीला निघाले. त्यांच्याच रिक्षातून निघून मी वाटेत स्टेशनवर उतरलो. रिक्षाचे पैसे मी दिले आणि माझ्याच हाताला नवल वाटलं. कौसल्याबाईंनी बांधून दिलेल्या पोळ्या भुसावळपर्यंत पुरल्या.

घरी आईने दार उघडलं आणि तिची नजर आधी माझ्या रिकाम्या हाताकडे गेली. मी सगळं सांगितलं, चपलांची माळ तेवढी वगळायची ठरवली होती, पण तीही सांगून टाकली.

"तू स्वतः म्हणालास? घेऊन जा म्हणून?"

"म्हणालो."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. तुला वाईट वाटेल म्हणून मी तो कोट इतके दिवस…"

आई उठली. फडताळ उघडून बाबांच्या औषधांच्या बाटल्या एकेक करून पदरात घेतल्या आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवल्या.

"आणि मी समजत होते, तुला त्या हव्या आहेत," ती म्हणाली.