मामाची रस्त्यावरची कापडं

कपड्यांच्या दुकानाची पायरी न चढता जन्म काढणारा माझा रोह्याचा मामा हा आमच्या अख्ख्या जिल्ह्यातला एकमेव माणूस असावा. दुकानदार आपल्याकडून पंख्याचे, आरशाचे आणि गादीचेही पैसे काढतो, असं त्याचं ठाम मत. म्हणून सगळी खरेदी रस्त्यावर चादर पसरून बसलेल्या विक्रेत्यांकडे. कापड ताणायचं, उन्हात धरायचं, हुंगायचं आणि मग भाव करायला उकिडवं बसायचं. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याच्याही निम्म्यापासून सुरुवात. दोनदा रागाने उठून चालू लागायचं आणि हाक आली की उपकार केल्यासारखं परतायचं.

कपडे मात्र सूड उगवत. मामाचा दिवाळीचा शर्ट पहिल्या धुण्यानंतर मला यायचा आणि तिसऱ्या धुण्यानंतर माझ्या धाकट्या भावाला. एका लाल टॉवेलने घरातली सगळी पांढरी कापडं गुलाबी केली, मामाचं धोतरसुद्धा. गडब गावात एका लग्नात मांडी घालून जेवायला बसताना त्याची नवी पँट मागून उसवली. उठायची सोय राहिली नाही, म्हणून बिचारा एकामागून एक तीन पंगती जेवला. "शिलाय वाईट, पण कापड इमानदार हाय," हे वर ऐकवलंच.

या सगळ्यात हाल झाले ते मामीचे. नवी साडी आणली की ती आधी मिठाच्या पाण्यात भिजवायची, तरी घामाने रंग सुटून मानेवर, हातांवर उतरायचाच. ती कधी कुरकुरली नाही. तिची हौस एकच होती. "एकदा दुकानात गादीवर बसायचाय," ती म्हणायची, "धा साड्या उलगडायला लावायच्या नि एक घ्यायची." मामा म्हणायचा, "पुढल्या गौरीला गो." अशा कितीतरी गौरी आल्या आणि गेल्या.

मग मामीची अन्नावरची वासना उडाली. मी तेव्हा पेणला रामवाडीत राहून मास्तरकी करत होतो, म्हणून मामा तिला पेणच्या डॉक्टरांकडे घेऊन आला. मामीला बाहेर बसवून डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. फार तर पावसाळा निघेल, म्हणाले. बाहेर पडताना मामा माझा दंड धरून म्हणाला, "तिला कळता नये. तुला माझी शपथ हाय." मामीला त्याने सांगितलं, पोटात उष्णता आहे, बाकी काही नाही.

आणि तिथून तो आम्हाला घेऊन थेट बाजारातल्या मोठ्या साड्यांच्या दुकानात शिरला. मामी गादीवर बसली. एकेक साडी उलगडत गेली तशी तिच्या सुकलेल्या चेहऱ्यावर नव्या नवरीसारखी लाज आली. शेवटी तिने एक हिरवी, बारीक काठाची साडी मांडीवर घेतली. दुकानदाराने किंमत सांगितली.

"बांधा," मामा म्हणाला.

मामीचा पदरावरून फिरणारा हात थांबला. तिने मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"डाक्टर काय बोलला ता कळला मला," ती हळूच म्हणाली.

मामाला आपली चूक तेव्हा उमगली. "काय नाय गो, काय पण नाय," म्हणत तो दुकानदाराकडे वळला. "ओ शेट, भाव लय हाय. कमी करा. निम्म्यात द्या." त्याचा आवाज फुटला. "कमी करा ना ओ!" दुकानदार गोंधळून म्हणाला, "देतो काका, रडताय कशाला?" मामीने मामाच्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली, "साडी चांगली हाय."

अर्धा पावसाळा निघाला, पण मामी गौरीपर्यंत राहिली नाही.

मामा अजून रस्त्यावरच कपडे घेतो. कापड ताणत नाही, उन्हात धरत नाही. विक्रेता सांगेल तेवढे पैसे काढून देतो आणि पिशवी काखेत मारून निघतो. म्हातारा सुधारला, असं रोह्यात म्हणतात. मला मात्र त्याच्याबरोबर बाजारात जाववत नाही.