रफूवाल्याचं वाक्य

१० जानेवारी. ताईने परवा पांघरायला दिलेली शाल उन्हात वाळत घालताना टावर चौकातले रफूवाले चाचा आठवले. पेपरातून रोज एक इंग्रजी क्रियापद काढायचे, गिऱ्हाइकाला अर्थ विचारायचे आणि हातातल्या कामावरच वाक्य करून बघायचे.

वीस वर्षांपूर्वी हीच शाल माझ्या इस्त्रीने जळली. ‘दीदी को पता न चले,’ असं बजावून मी ती चाचांकडे दिली. त्या दिवशी शब्द होता ‘कन्फेस’. मी अर्थ सांगितला, आपली चूक आपण होऊन कबूल करणं.

चष्म्यावरून बघत ते म्हणाले, “यू कन्फेस टु सिस्टर. सही है, मैडम?”

“वाक्य सही है. आप रफू करो.”

ताईला कधीच कळलं नाही. चाचाही आता नाहीत.

११ जानेवारी. सकाळी शाल घेऊन ताईकडे गेले. जळलेली जागा तिला दाखवायला मलाच चष्मा लावावा लागला.