डॉक्टरताई आणि माझी उंच कॅप

आमच्या डॉक्टरताई माणसाला नावाने नव्हे, दाढेने ओळखत. सदाशिव पेठेत भाजी घेताना एकदा त्यांनी मला भर रस्त्यात हाक मारली होती, "अहो खालची उजवी, सुपारी सुटली का?" सुटली नव्हती. खिशातली पुडी मुठीत दाबून मी मान हलवली. पुढच्या खेपेला तोंडात आरसा घालताच त्या म्हणाल्या, "मान हलवणं सोपं असतं, नाही?"

वडिलांची कवळी त्यांनीच केलेली, माझ्या मुलीचे दुधाचे दात त्यांनीच काढलेले. अशा घरातल्या माणसाने दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे गुपचूपच. दाढेचा टवका उडाला तेव्हा मी तसाच बाणेरला ऑफिसखालच्या चकचकीत क्लिनिकमध्ये गेलो. तरुण डॉक्टर भला होता. कॅप बसवून म्हणाला, "चावून बघा सर." मी आडवा, अर्धा गाल बधिर. म्हटलं, "परफेक्ट."

भूल उतरली आणि पोळीच्या पहिल्याच घासाला कळ थेट कानात गेली. तोंड मिटलं की सगळ्यांच्या आधी तीच दाढ टेकायची, बाकीचे दात अधांतरी. मी त्या बाजूने खाणं सोडलं, मग आवंढा गिळायलाही घाबरू लागलो. तरुण डॉक्टर फोनवर म्हणाला, "अ‍ॅडजस्ट होईल सर. नाहीच झालं तर रूट कॅनल, किंवा मग काढावी लागेल." 'काढावी' एवढंच माझ्या कानात राहिलं. वडिलांचीही सुरुवात एका दाढेनेच झाली होती. त्यांचे कवळीशिवाय आत गेलेले गाल मला आरशात दिसू लागले.

"डॉक्टरताईंकडे जा," बायको म्हणाली. "ओरडतील, खाणार नाहीत."

गेलो. ताईंनी तोंडात पाहिलं. "ही कॅप माझी नाही."

"ऑफिसजवळ होतं म्हणून..."

"हो, सोयीचं पडतं."

एवढंच. मी ओशाळलो. त्यांनी खुर्ची सरळ केली. "झोपून कोणी जेवतं का? आडवं झालं की जबडा मागे सरकतो. चावा बसूनच बघायचा असतो." मग चावा कुठे लागतो ते दाखवणारा निळा कागद दातांत धरायला लावला आणि बरणीतला एक फुटाणा हातावर ठेवला. तो चावताच मी विव्हळलो. "कॅप उंच आहे. दाढ मेलेली नाही, वैतागलीय. केसभर घासलं की शांत होईल."

मी आ केला. त्यांनी मशीन हातात घेतलं, ते सुरू झालं आणि मला त्याचं टोक दिसलं. ते थरथरत होतं. ताईंचा हातच थरथरत होता. एवढ्या वर्षांच्या विश्वासाचं मी काय केलं? ते टोक ओठांपाशी आलं आणि मी तोंड मिटून घेतलं.

ताईंनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मशीन बंद करून जागेवर ठेवलं. "चला," म्हणाल्या, "बाणेरला."

त्या रिक्षाने माझ्याबरोबर आल्या. तिथे खुर्चीमागे उभ्या राहून तरुण डॉक्टरला म्हणाल्या, "आधी यांना उठवून बसवा." त्याने निमूट ऐकलं. घासणं, कागद, पुन्हा घासणं. ताई मागून सांगत होत्या, "थोडं आतल्या बाजूला. बस." हळूहळू सगळे दात एकदम टेकले. आठवडाभरात कळ गेली, दाढ राहिली.

महिनाभरात त्यांच्या दवाखान्याची पाटी मात्र उतरली. मला अन्न गोड लागेना. धीर करून त्यांच्या घरी गेलो.

"ताई, त्या दिवशी मी तोंड मिटलं म्हणून तुम्ही..."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. मी खाली बघितलं. "अहो, वर बघा. हात कापतोय हे मला चहाचा कप धरतानाच कळलं होतं. पेशंटना पण दिसायचं. पण भेदरलेले असले, तरी ताईंना वाईट वाटेल म्हणून आ करून बसायचे. मीही हात रेटायची, आणि कोणाची जीभ कापली तर, या भीतीने मला रोज घाम फुटायचा."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते तिथेही थरथरत होते.

"तुम्ही तोंड मिटलंत," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला शांत झोप लागली."