अक्का, मी आणि केळीचे घड

सकाळी साडेआठच्या सुमारास, पहूरला अक्काकडे जायचं म्हणून मी धुळ्याच्या घरी पिशवी भरत होते, तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. "रेखा, निघाली नसशील तर लगेच निघ. तुझी अक्का गेली." मी पिशवी तशीच टाकली. मग ते म्हणाले, "त्रास नाही झाला गं. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि..." जळगावच्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच हृदय थकल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून अक्काला एकच भीती होती, नळ्या लावून पडून राहण्याची. ती वेळ तिच्यावर आली नाही. आज दीड महिन्यानंतर हे लिहिताना डोळे भरून येतात, पण छातीवर दगड नाही. तो का नाही, हे सांगायचं तर आमच्या खेळाची हकिगत सांगावी लागेल.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. पहूरच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. आमचं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, त्यामुळे सासरी इतकी वर्षं काढूनही माझ्याशी ती आमच्या खान्देशीतच बोलायची. मी नरडाण्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर होते. नोकरी बरी होती, पण मला लहानपणापासून कॉम्प्युटरवरचे खेळ स्वतः बनवायची खोड. त्यासाठी नोकरी सोडते म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. अक्काने तेवढं विचारलं, "चित्रं कोन काढी?" मी म्हटलं, बघू, मिळेल कोणीतरी. "कोनीतरी काबरं? मी काढसू."

आणि तिने काढली. खेळ साधा होता. शेतातून कापलेले केळीचे घड ट्रकमध्ये रचायचे, मध्ये पानं घालायची आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून एकही घड काळा न पडता मुक्कामी पोचवायचे. नाव ठेवलं 'घड'. अक्का शाळा सुटल्यावर पहूरच्या शेतांतून वही घेऊन बसायची. गाडी भरणाऱ्या बायका आधी हसल्या, मग तिलाच शिकवू लागल्या, कुठला घड खाली, कुठला वर. कागदावर रंगवलेली चित्रं घेऊन ती दर शनिवारी बसने धुळ्याला यायची आणि मी ती कॉम्प्युटरवर चढवायची. खेळातल्या ट्रकवर मागे बसलेल्या बाईला आवाज हवा होता, तोही तिनेच दिला. त्या दिवशी तिला सणकून सर्दी झाली होती. खड्डा आला की हळू जा म्हणून, "हयू रे भो, हयू!" आणि मार बसून घड हातचा गेला की, "गयं, भो, गयं!" दोन-अडीच वर्षं अशी गेली... माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली.

मग खेळ बाजारात आणायची तारीख आली. अक्का म्हणाली, महिनाभर थांब, सावल्या नीट जमल्या नाहीत, आवाजही पुन्हा देते. मी ऐकलं नाही. चारचौघांत तारीख सांगून बसले होते, माघार घेणं मला कमीपणाचं वाटत होतं. दुपारी बारा वाजता आम्ही दोघींनी मिळून बटण दाबलं, पेढा खाल्ला आणि स्क्रीनसमोर बसून राहिलो. काही म्हणता काही झालं नाही. पहिल्या आठवड्यात विकत घेणारे बहुतेक आमचे नातेवाईकच निघाले आणि त्यातल्या निम्म्यांना तो सुरू कसा करायचा ते मला फोनवरून सांगावं लागलं. मी हसत सांगायची आणि फोन ठेवून रडायची. माझ्या घाईने अक्काच्या अडीच वर्षांचं मातेरं झालं, ही टोचणी मनात जाऊन बसली. तिने एका शब्दाने दोष दिला नाही, त्याने ती आणखीच रुतली. आम्ही भेटायचो, भरीत-पुरी खायचो, पण 'घड'चं नाव कोणी काढायचं नाही. मी एका कॉलेजात शिकवायला लागले.

सात महिने गेले. एका दुपारी वर्ग संपवून मेल उघडला, तर अनोळखी माणसांच्या पत्रांची रांग लागलेली. कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका मुलीने आमचा खेळ खेळतानाचा व्हिडिओ टाकला होता. ट्रक खड्ड्यात आदळला, अक्का ओरडली, तशी ती मुलगी हसत सुटली आणि स्वतःच मोडक्यातोडक्या उच्चारात ओरडू लागली, "गयं, भो, गयं!" तिचं बघून बाकीचेही खेळू लागले आणि ती लाट थांबेचना. केळीची बाग कधी न पाहिलेली माणसं घड रचू लागली. मी पहूरला फोन केला. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यास्ले सावल्या दिसन्यात का?"

यश मिळालं, पण का मिळालं ते कळेना, आणि मला ते कळून हवं होतं. मी वही भरून कारणं लिहिली. दुसरा खेळ त्या वहीबरहुकूम केला. घाई केली नाही, तारखेची फुशारकी मारली नाही, अक्काने सावल्या मनासारख्या केल्या, आवाज तीनतीनदा घेतला. तो बाजारात आला आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी मी पहूरच्या ओसरीवर तोंड पाडून बसले होते. अक्का माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली, इतकी की भाऊजींनी तिला धरून खुर्चीत बसवलं.

"हसतेस काय?" मी चिडले.

"सुटनूत ना व माय आपन!" ती डोळे पुसत म्हणाली. "पहिला खेळ पडना, तवय माले वाटे, मना आवाजमुये पडना. शेंबडी बाई ऐकाले कोन पैसा दी? सात महिना मी तुले तोंड दखाडाले भ्यायनू."

मी थक्क झाले. "अगं, तुझ्या आवाजामुळे? मी तर समजत होते, माझ्या घाईमुळे..."

एकाच गोष्टीचा दोष दोघींनी स्वतःकडे घेतला होता आणि तो एकमेकींपासून लपवला होता. "ज्याना करता पडना वाटे, त्यानामुयेच चालना," अक्का म्हणाली. "नि आते सावल्या, आवाज, बठ्ठं नीट करं, तरी पडना. मंग तुना दोष कसाना नि मना दोष कसाना?" त्या दुपारी आम्ही वहीतली कारणं मोठ्याने वाचली आणि पोट दुखेपर्यंत हसलो. इतकं हलकं मला नोकरी सोडली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. आम्ही तिसरा खेळ करायला घेतला. पुढच्या वर्षभरात आजार वाढला, पण आमच्यात बोलायचं राहून गेलेलं असं काही उरलं नाही.

तेराव्यानंतर मी काही दिवस पहूरलाच राहिले. अक्काच्या टेबलावर तिसऱ्या खेळाचं एक चित्र अर्धवट होतं. झाडाला पानं काढलेली, रंग भरायचा राहिलेला. शेजारी ब्रश धुवायचा काचेचा ग्लास. त्यातलं पाणी रोज संध्याकाळी बदलायचं काम लग्नापासून भाऊजींचं, ते पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला जायचं. आता ब्रश कोणी बुडवत नव्हतं, तरी ते रोज ग्लास न्यायचे, स्वच्छ पाणी ओतायचे, स्वच्छ पाणी भरून आणायचे. मी एकदा म्हटलं, राहू द्या आता. ते म्हणाले, "हाताला सवय आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या टेबलाशी बसले. मला चित्रकला येत नाही. तरी हिरवा रंग कालवला आणि एकेक पान भरत गेले, दोन-चार ठिकाणी रंग रेषेबाहेरही गेला. संध्याकाळी भाऊजी आले, त्यांनी ग्लास उचलला आणि खिडकीतल्या उजेडात धरला. आतलं पाणी हिरवंगार झालं होतं.

"आज काम झालेलं दिसतंय," ते म्हणाले, आणि कढीपत्त्याकडे गेले.